जावयापुढे टाकलेली पानं

पोकरमध्ये हातात दोन एक्के आले की काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दुर्री आणि सत्ती आली की टाकून द्यायची, हेही सांगावं लागत नाही. माणसाची परीक्षा होते ती मधल्या पानांवर. राजा आणि नव्वी. एक्का आणि पंजी, तेही वेगवेगळ्या रंगांचे. चौकीची जोड. खेळावं तर पस्तावायची पाळी, टाकावं तर जिवाला चुटपुट. मी अंबडच्या कोर्टात वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांची हीच गत असते. धड जिंकण्यासारखी नाहीत, धड सोडण्यासारखी नाहीत. त्यामुळे हा खेळ शिकलो तेव्हा मला वाटलं, हा खेळ काढणाऱ्यानं मलाच डोळ्यांपुढे ठेवलं असणार.

शिकवला साडूनं. दुखणं तिथूनच सुरू झालं.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत त्यानं हा खेळ आमच्या सासुरवाडीला, घनसावंगीला आणला. त्याआधी तिथं मी आणि सासरे तीन पत्ती खेळायचो, माझं लग्न झालं तेव्हापासून. सासरे हायस्कूलला गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना दोन मुलीच, थोरली माझ्याकडे आणि धाकटी त्याच्याकडे. जावई म्हणून मी सीनियर. साडू आला तो बऱ्याच वर्षांनी, आणि आला तोही मागच्या दारानं.

मागच्या दारानं म्हणतो ते उगीच नाही. हा अण्णांचा विद्यार्थी. दहावीला त्यांच्याकडे शिकवणीला यायचा, ओसरीवर बसून गणितं सोडवायचा आणि चुकला की पाठीत धपाटा खायचा. पुढं तो आणि माझी मेहुणी पुण्याला एकाच कॉलेजात होते. एक दिवस दोघांनी रजिस्टर लग्न करून फोन केला. अण्णा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग बोलले, आणि बोलायला लागले ते असे की मधलं वर्ष जणू नव्हतंच. ‘अरे’ आणि ‘तू’. शिकवणीच्या वेळी होतं तेच.

मला ते पहिल्या दिवसापासून ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’ म्हणतात. माझं लग्न अंबडला मंगल कार्यालयात झालं, वाजत गाजत. कन्यादान झालं, विहिणीचा मान झाला, माझे एक काका जेवणाच्या पंगतीवरून रुसले आणि अण्णांनी त्यांचे हात धरून त्यांना परत पाटावर बसवलं. काही कमी नव्हतं. आजही मी घनसावंगीला गेलो की मला हातात पाणी मिळतं, तेही ताटलीत ठेवलेल्या पेल्यातून. साडू स्वतः फ्रिज उघडतो, बाटली तोंडाला लावतो आणि अण्णा त्याच्यावर ओरडतात, ‘अरे, पेला घे की, जनावरासारखं काय पिऊन राह्यलास?’

हे ओरडणं मला आवडायचं नाही, असं मी बायकोला सांगत आलो. खरं म्हणजे मला ते माझ्यावर हवं होतं. हे मात्र तिला कधी सांगितलं नाही.

मी एकदा प्रयत्न केला होता. अण्णांना म्हटलं, ‘मला तू म्हणत जा. मी तुमच्या मुलासारखाच आहे.’ त्यांनी चक्क हात जोडले. ‘काय बोलून राह्यलात जावईबापू. लोक काय म्हणतील आम्हाला.’ पुढं त्यांच्या शेताच्या बांधाचं भांडण कोर्टात गेलं. मी वाट पाहत होतो की कागद माझ्याकडे येतील. अण्णांनी जालन्याचा वकील दिला. मी त्याच कोर्टात, त्याच बाकावर बसणारा, आणि माझ्या सासऱ्यांचं प्रकरण जालन्याहून येणारा दुसराच चालवतो. बाररूममध्ये मला एकानं विचारलंही, काय वकीलसाहेब, सासऱ्यांचा विश्वास नाही वाटतं. त्या रात्री मी जेवलो नाही.

तर पत्ते. पत्त्यांत मात्र माझी बाजू होती. तीन पत्ती असो की पोकर, अण्णा मला मानायचे. घनसावंगीच्या त्या घरात मी मधल्या पानांचा उस्ताद होतो.

पोकर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. नंतर मधोमध पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचं सगळ्यांत भारी जमेल तो जिंकला. पण खरी गंमत मधली पानं उघडायच्या आधी आहे. नुसती दोन पानं पाहून ठरवायचं, बसायचं की उठायचं. सासूबाईंनी घरात पैसे लावायला बंदी केलीय, म्हणून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. डावाआधी प्रत्येकानं एक चिंचोका मधे टाकायचा, आणि कोणी वाढवले की बाकीच्यांनी तेवढेच टाकायचे, नाही तर पानं सोडायची.

माझा हिशेब असा होता. मधलं पान हातात आलं की पानाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. शेवटी बोलायची पाळी आपली असेल तर राजा-नव्वीवरही चिंचोके वाढवायचे, कारण आधीचे काय बोलले ते आपल्याला कळलेलं असतं. पहिली पाळी असेल तर तेच पान मुकाट्यानं टाकायचं. आणि समोरचा घाबरट असेल तर पान कुठलंही चालतं. अण्णांना मी घाबरट समजत होतो. मी चिंचोके वाढवले की ते पानं बघायचे, भुवई वर करायचे आणि म्हणायचे, ‘घ्या जावईबापू. तुमच्या पानापुढं आपलं पान न्हाई टिकायचं.’ आणि आपली पानं गुडघ्याखाली सारून द्यायचे. टाकलेली पानं कोणाला दिसू नयेत म्हणून गुडघ्याखाली दाबून ठेवायची, ही त्यांची जुनी सवय.

या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयांचा महिना. सासूबाईंनी दोन्ही मुलींना आणि दोन्ही जावयांना बोलावलं. आम्ही अंबडहून सकाळीच पोचलो. साडूचा फोन आला की शहागडला चहाला थांबलोय, तासाभरात येतो. अण्णा फोनवर म्हणाले, ‘जल्दी ये, इथं कूलर बंद पडलाय.’ मी तिथंच बसलो होतो. कूलर मलाही बघता आला असता.

जेवणाआधी अण्णांनी परात आणली. मला पाटावर बसवलं, माझे पाय परातीत घेतले आणि पाणी घातलं. त्यांचे गुडघे दुखतात, उकिडवं बसताना त्यांनी भिंतीला हात टेकला. मी ‘अण्णा, नको’ म्हणालो, पण म्हणायचं म्हणून म्हणालो. पाय पुसून झाल्यावर ते साडूकडे वळले. तो मागं सरकला. ‘सर, खरंच नको, मला कसंतरी होतं.’ तो त्यांना अजून सरच म्हणतो. अण्णांनी दुसऱ्यांदा म्हटलंसुद्धा नाही. ‘बरं, राहू दे मंग. जा, कूलरची मोटर बघ काय झालंय ते.’ तो उड्या मारत गेला. मी ओल्या पायांनी पाटावर बसून राहिलो आणि बाहेरून दोघांचे आवाज ऐकत राहिलो. अण्णा त्याला पान्हा धरायला शिकवत होते आणि तो त्यांना मोटर म्हणजे काय हे शिकवत होता, दोघंही चुकत होते आणि दोघंही हसत होते.

पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडया, सगळं झालं. कूलरही सुरू झाला. दुपारी सतरंजीवर पत्ते पडले. मी, अण्णा, साडू आणि माझी बायको. मेहुणी तिच्या आईजवळ आत बसली होती.

पहिल्याच डावात मला राजा-नव्वी आली आणि शेवटची पाळी माझीच. मी वाढवलं. बायकोनं पानं टाकली, ती नेहमीच टाकते. साडूनं टाकली. अण्णांनी भुवई वर केली, गुडघा उचलला आणि म्हणाले, ‘घ्या.’ मी चिंचोके ओढून घेताना साडूला दोन शब्द सांगितले, की मधल्या पानावर असं खेळायचं असतं, पुस्तकात काय लिहिलंय ते बघायचं नसतं. त्याच्या मोबाइलवर कुठल्या पानांनी बसावं याचा रंगीत तक्ता आहे, हे मला ठाऊक होतं. तो हसला. म्हणाला, ‘बरोबर आहे दादा. तुमचं जमतं, माझं जमत नाही.’

नंतरच्या एका डावात त्यानं अगदी माझ्यासारखंच केलं. शेवटची पाळी, हातात एक्का-पंजी, आणि तोच आव. अण्णांनी पानं बघितली न बघितली आणि चिंचोके पुढं ढकलले. मधे राणी, नव्वी आणि तिर्री उघडली, मग दश्शी, मग दुर्री. साडू दर वेळी वाढवत गेला आणि अण्णा दर वेळी ‘चल, अजून चल’ करत गेले. शेवटी त्यानं एक्का दाखवला, अण्णांनी सत्तीची जोड आपटली.

‘अरे, एक्का आला म्हणून नाचून काय राह्यलास? मागं पंजी लोंबतीय ती दिसत न्हाई का तुला? दे इकडं सगळे.’ त्यांनी त्याच्या पुढ्यातला ढीगच्या ढीग दोन्ही हातांनी ओढला. मांडीवर थाप मारली. आतून सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर ओरडून सांगितलं, ‘याला धुतला.’

मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुण्याचा तक्ता घनसावंगीत चालला नाही. पण मग माझं लक्ष अण्णांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांचे कान लाल झाले होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसत होते. मी त्यांच्यासमोर इतकी वर्षं बसतोय, इतके डाव जिंकलोय, पण माझ्यासमोर हा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. माझ्यासमोर ते बँकेत खातं उघडायला आल्यासारखे बसतात. हसतात, पण आधी कपडे नीट करून.

आणि माझ्यातल्या वकिलानं डोकं वर काढलं. हा माणूस घाबरट नाही. सत्तीच्या जोडीवर तो शेवटपर्यंत बसला. मग मी वाढवलं की याचे पाय का लटपटतात?

पुढच्या डावात मी परत वाढवलं, अण्णांनी परत पानं गुडघ्याखाली सारली. डाव संपला. आत कोणाचा तरी फोन आला म्हणून ते उठले. पत्ते पिसायची पाळी माझी होती. मी सगळ्यांची पानं गोळा करताना त्यांच्या जागेवरची दोनही उचलली, आणि ती हातात उलटी आली. बदामची राणी आणि इस्पिकची राणी.

चौघांच्या डावात राणीची जोड, मधलं एकही पान उघडलेलं नसताना, कोणी टाकत नाही. हे मधलं पान नव्हेच. हे पान घेऊन माणूस गल्लीभर ओरडत जातो. मी पानं कॅटमध्ये घातली आणि पिसत राहिलो. एका पुराव्यावर निकाल देत नाहीत.

त्यानंतर मला दुर्री-सत्ती आली. याहून वाईट हात या खेळात नाही. मी ती घेऊन बसलो आणि चांगले मूठभर चिंचोके वाढवले. साडूनं माझ्याकडे बघितलं, टाकली. अण्णांनी आपली पानं उचलली, पाहिली, आणि त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. ‘तुमचा हात आज बराबर चालून राह्यलाय जावईबापू,’ म्हणाले आणि गुडघा उचलला. पानं गोळा करताना मी मुद्दाम पाहिलं. एक्का आणि राजा, दोन्ही किलवरचे.

पाणी प्यायचं निमित्त करून मी उठलो. बायकोही ताक आणायला उठली होती. स्वयंपाकघराच्या दारात तिला गाठलं आणि हळूच सांगितलं, की अण्णा माझ्यापुढे जिंकणारी पानं टाकतात.

‘तुम्हाला आज कळून राह्यलं का?’ ती म्हणाली.

‘म्हणजे तुला माहीत होतं?’

‘त्यात माहीत असायचं काय? जावयाला कोणी हरवतं का घरी बोलावून?’

‘मग त्याला कसे हरवतात?’

‘तो काय, अण्णांचा विद्यार्थी आहे.’ तिनं माझ्या हातात ताकाचा पेला दिला, ताटलीत ठेवून, आणि आत गेली.

मी परत येऊन बसलो तेव्हा माझ्यापुढे चिंचोक्यांचा डोंगर होता आणि त्यातला एकही मी मिळवलेला नव्हता. दिवाळीतले नव्हते, त्याआधीच्या तीन पत्तीतलेही नव्हते. राजा-नव्वीवर वाढवायचं, माणसाकडे बघून खेळायचं, हे सगळं शहाणपण मी एका माणसाच्या पाहुणचारावर उभं केलं होतं. समोर साडूचे चिंचोके संपत आले होते, तो ताक घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडून उसने मागत होता, आणि अण्णा त्याला चिडवत होते. मला त्याचा इतका हेवा वाटला की पेला हातात जड झाला. हरणाऱ्या माणसाचा हेवा करायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी ठरवलं की आज एक डाव तरी यांच्याकडून घ्यायचा. जिंकून नव्हे, हरून.

थोड्या वेळानं मला गुलाम-दश्शी आली, दोन्ही बदामची. मधल्या पानांतलं सगळ्यांत देखणं पान. शेजारशेजारची, एका रंगाची, काहीही होऊ शकतं आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही. पानं साडू वाटत होता. माझी पाळी आली तेव्हा मी माझ्यापुढचा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढं लोटला. साडूनं पानं टाकली. बायकोनं टाकली. अण्णांनी आपली पानं उचलली, जरा जास्तच वेळ पाहिली आणि गुडघा उचलला.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. सासऱ्यांना असा हात मी कधी लावला नव्हता.

‘दाखवा,’ म्हटलं.

‘आता काय दाखवायचं, टाकली की.’

‘दाखवा अण्णा.’

त्यांनी दाखवली नाहीत, मीच त्यांच्या हातातून घेऊन सतरंजीवर उघडी ठेवली. दोन एक्के.

बायकोनं कपाळाला हात लावला. साडू आधी पानांकडे, मग माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं त्यालाही हे तेव्हाच कळलं, कारण त्यानं ‘अरे बापरे’ असं अगदी हळू म्हटलं.

‘का?’ मी विचारलं. ‘मला खेळता येत नाही म्हणून?’

‘न्हाई हो. बिलकुल न्हाई.’

‘मग माझ्याशी खेळायची लाज वाटते? त्याच्याशी खेळता तसं माझ्याशी का खेळत नाही? तो विद्यार्थी म्हणून?’

अण्णांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. ते खरोखर गोंधळले होते. सरळ गणित या माणसाला का कळत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

‘जावईबापू, तुम्हाला आम्ही पोरगी दिली,’ ते म्हणाले. ‘ज्याला पोरगी दिली त्याच्याकडून काही घेत नसतात. चिंचोका पण न्हाई. आमच्या वडिलांनी आमच्या बहिणीच्या सासरचं पाणी न्हाई घेतलं कधी.’

‘आणि याच्याकडून घेता ते?’

‘याला कुठं दिली मी?’ ते सहज बोलून गेले. ‘याची यानं नेली.’

साडूचा पत्ते धरलेला हात थांबला. तो खाली बघायला लागला. सकाळी परातीपासून मागं सरकताना तो हसत होता, आता हसत नव्हता. अण्णांनी दुसऱ्यांदा का विचारलं नाही, हे त्यालाही आता समजलं असणार. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की त्यानं नेली आणि त्याला अण्णा मिळाले, मी रीतसर मागितली आणि मला जावईपण मिळालं. बांधाचं प्रकरणही त्यांनी जालन्याला का दिलं ते मला तेव्हा उमगलं. जावयाकडून वकिलीही घेत नसतात.

माझी बायको शेजारीच बसली होती. दिली, नेली, हे सगळं तिच्या देखत चाललं होतं. ती म्हणाली, ‘चिंचोके आहेत, सोडा की आता.’

मी सोडलं नाही. म्हटलं, ‘अण्णा, हा डाव खेळा. मी म्हणतो म्हणून खेळा.’

‘तुम्ही म्हणता म्हणून?’

‘हो. अधिक महिना आहे. जावई मागेल ते द्यावं लागतं.’

मग त्यांनी मान डोलावली, सदरा नीट केला आणि आपले चिंचोके मोजूनमापून पुढं सरकवले. ‘बरं,’ म्हणाले. ‘तुमची इच्छा.’

साडूनं मधली पानं उघडली. बदामची नव्वी, बदामची चौकी आणि इस्पिकचा राजा. आता आणखी एक बदाम आला असता तर माझा रंग पूर्ण होत होता, एक्के गेले होते खड्ड्यात. आणि मी मनात देवाची करुणा भाकत होतो की बदाम येऊ नये. असा डाव मी आयुष्यात खेळलो नाही. चौथं पान किलवरची तिर्री. पाचवं चौकटची सत्ती. नाही आला. अण्णा जिंकले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कान लाल होतील, मांडीवर थाप पडेल, आत सासूबाईंना ओरडून सांगतील. त्यांनी काहीच केलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, पाहुण्याला वाढलेलं पसंत पडलं की नाही ते पाहतात तसे.

‘झालं समाधान?’ त्यांनी विचारलं. मग मधला सगळा ढीग, माझे आणि त्यांचेही चिंचोके, त्यांनी तळहातांनी गोळा केला आणि हलकेच माझ्या पुढ्यात सरकवला. ‘असू द्या तुमच्याकडंच.’ आणि आत वळून म्हणाले, ‘अगं, जावईबापूंना थोडं सरबत दे. दमले असतील.’

मग ते साडूकडे वळले. तो अजून खाली बघत होता. अण्णांनी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि म्हणाले, ‘वाट की रे. झोपलास का?’

त्यानं वाटली. मला दोन पानं आली. त्यानं राणी-अठ्ठीवर चिंचोके वाढवले, तो बहुधा अण्णांना खूश करायलाच, आणि अण्णा त्याच्यावर तुटून पडले. तीन पानं उघडली, चौथं, पाचवं उघडलं, साडूनं पानं दाखवली आणि अण्णा गुडघ्यांवर उभे राहून ओरडायला लागले, ‘अरे गाढवा, राणी-अठ्ठीवर कोणी बसतं का, शिकवलं काय होतं तुला, दे इकडं, सगळे दे.’ साडू हसायला लागला. बायकोही हसली.

माझी दोन पानं काय होती ते मी पाहिलं नाही. तशीच टाकून दिली आणि सरबताचा पेला हातात धरून ऐकत बसलो.